वरचं नाव, खालचं नाव

दादाने आयुष्यात कोडच्या चार ओळी धड लिहिल्या नाहीत. उंटावरून शेळ्या हाकल्या. लोकांना मात्र सांगायचं, "सगळं मीच लिहिलंय, धाकटी नुसती तपासते." ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आमचं यंत्र दवाखान्यात रुग्णांना नंबर देतं. पडद्याच्या तळाशी बनवणाऱ्यांची नावं येतात, वर माझं, खाली त्याचं. दवाखान्याच्या संचालिका यंत्र पाहायला येणार म्हटल्यावर दादा तरातरा माझ्या टेबलाशी आला.

"नावं उलट कर. मी थोरला आहे."

"थोरला घरात. इथे कोड कोणी लिहिलाय?"

"ऊठ. मीच करतो."

उठले. त्या दवाखान्याच्या सर्व्हरला अवतरणचिन्हांचं वावडं. कोडमध्ये ती दिसली की तो ओळच फेकून देतो, म्हणून साधा मजकूरही एकेका अक्षराचा आकडा जोडून बनवावा लागतो. आमची नावं म्हणजे तिथे आकड्यांच्या दोन रांगा. दादाने आधी लिहिलं, माझी रांग दिसेल तिथे त्याची घाल. मग लिहिलं, त्याची दिसेल तिथे माझी घाल. पहिल्या हुकमाने दोन्हीकडे त्याचं नाव झालं आणि दुसऱ्याने दोन्हीकडे माझं. अक्षरं असती तर त्यालाही दिसलं असतं. आकडे बघून काय कळणार, कपाळ? अदलाबदल करताना मधे एखादी तिसरी खूण धरायची असते, हे मी सांगू शकले असते. नाही सांगितलं. म्हटलं, आपटू दे तोंडावर.

संचालिकाबाईंनी पडदा पाहिला. वर माझं नाव, खालीही माझंच. "मग आपण कोण?" त्यांनी दादाला विचारलं.

दादाचा चेहरा उतरला, पण जीभ कुठली गप्प बसते! चोराच्या उलट्या बोंबा.

"चूक हिची आहे, मॅडम! मी कोडला हातसुद्धा लावत नाही. पहिल्या ओळीपासून सगळं हिनेच लिहिलंय, विचारा तिला!"

बाई माझ्याकडे वळल्या. "सगळं?"

हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला माझे कान किती वर्षं आसुसले होते. आणि मेल्याने ते मला बुडवायला वापरलं.

"हो, सगळं," मी म्हटलं. "ही चूक तेवढी दादाची."