चिकाची चरवी

मी चरवी बोलतेय. पितळेची, पोटाला मोठी, काठाजवळ जरा चेपलेली. झुंबरबाईच्या लग्नात जळगाव जामोदच्या बाजारातून आंदण म्हणून आले आणि वरवट बकालच्या या गोठ्यातच म्हातारी झाले. रोजच्या दुधाला आता स्टीलची बादली आहे. मला फक्त गाय व्याली की माळ्यावरून काढतात, कारण चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध, पितळेतच काढायचा ही या घरची रीत. त्यामुळे माझा तोरा काही औरच असायचा.

गेल्या वर्षी पोळा झाला आणि मोरी गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा असलेली. धडपडत उभी राहिली ती थेट आईच्या कासेकडेच निघाली. झुंबरबाईनं तिला ओढून खुंट्याला बांधलं.

"आत्याबाई, पिऊ द्या ना तिले," सून रेवती म्हणाली.

"जार पडू दे आधी. आधी पाजलं तं जार अडकते. माह्या सासूनं असंच केलं, मीबी तसंच करत आली."

दुपार कलली तरी जार, म्हणजे मोरीची वार, पडेना. कास तटतटली, तेव्हा मला मोरीखाली धरलं. पिवळा, दाट, कोमट चीक माझ्यात पडत होता आणि कालवड दावं ताणून माझ्याकडे बघत होती. मग मला फडकं बांधून गल्लीत फिरवलं. घरोघरी खरवस झाला, लोकांनी बोटं चाटली. कालवडीला दिवेलागणीला उरलासुरला मिळाला.

दोन दिवसांत तिला पांढरी, पातळ हगवण लागली. डोळे खोल गेले, कान गार पडले. गुरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि विचारलं, "चीक कधी पाजला?"

झुंबरबाईनं खरं ते सांगितलं.

"आजी, वासराच्या अंगात रोगाशी भांडायची ताकद जन्मतः नसते. ती आईच्या चिकातून येते, अन् आतडी ती पहिले काही तासच ओढून घेतात. इथं ती मिळायच्या आधीच जंतू पोटात गेले." मग हळूच म्हणाले, "अन् वासरू प्यालं की जार उलट लवकर सुटते."

बाटली संपायच्या आत कालवडीनं मान टाकली. मोरी तिला चाटतच राहिली.

झुंबरबाईनं मला राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, मी लखलखले तरी घासत राहिली. "तिचं सारं तुह्यातच होतं वं," एवढंच बोलली. मला रडता येत नाही, याचं त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आता मी माळ्यावर पालथी आहे. मोरी पुन्हा गाभण आहे, दिवस भरत आलेत. झुंबरबाई येता-जाता वर बघते. काय ठरवलंय तिनं, मला कळत नाही.

बाई, तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. यंदा आधी वासराचं पोट भरू दे. मी रिकामीच बरी.