शेवटची चानकी

पोळ्या झाल्या की वृंदाताई उरलेल्या कणकेची एक चानकी लाटायच्या. तळहाताएवढी पोळी, वर बोटभर तूप. ती त्यांच्या कुत्र्याची, गुंड्याची. फरीदाबादच्या त्या फ्लॅटमध्ये तेरा वर्षं हा नेम चुकला नव्हता. शेवटच्या पोळीचा वास सुटला की गुंड्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर हजर. त्यांचे यजमान राजाभाऊ म्हणायचे, कारखान्यात तीस वर्षं काढली, पण इतका वक्तशीर कामगार बघितला नाही.

मग गुंड्याच्या किडन्या गेल्या. डॉक्टरांनी बजावलं, "रोटी बिल्कुल बंद." वृंदाताई पथ्याच्या बाबतीत कडक, घरात कुणाची गय नाही. एकवीस दिवस त्यांनी चानकी लाटली नाही. गुंड्या रोज यायचा, बसायचा, बघत राहायचा. त्या त्याच्याकडे पाठ करून भांडी घासत, घासलेलीच पुन्हा घासत. बाविसाव्या दिवशी त्याला उंबऱ्यापर्यंत येववलं नाही. संध्याकाळी तो गेला. पथ्य पाळून गेला, आणि पाळून मिळालं काय, तर काहीच नाही.

त्याला चार महिने झाले. उरलेली कणीक वृंदाताई आता शेवटच्या पोळीतच कोंबायच्या आणि ती जाडजूड पोळी राजाभाऊ मुकाट्याने खायचे.

अशात लेक स्वानंदी एका शेल्टरमधून कुत्री घेऊन आली. आठ वर्षांची, पांढरी, एक कान फाटलेला. तिची माणसं दुसऱ्या शहरात राहायला गेली आणि जाताना हिला गेटला बांधून गेली. शेल्टरवाल्यांनी नाव ठेवलं होतं ब्राउनी. पांढऱ्या कुत्रीला ब्राउनी म्हणणाऱ्यांच्या अकलेबद्दल वृंदाताई बरंच काही बोलल्या. मला कुणाच्या जागी कुणी नको, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. "आई, ट्राय तो करो यार," स्वानंदी म्हणाली. शेवटी पंधरा दिवसांवर तडजोड झाली. नाही जमलं तर पंधराव्या दिवशी, रविवारी, स्वानंदी कुत्रीला परत नेणार होती.

लळा लावायची ब्राउनीलाही काही घाई नव्हती. ती दिवसभर दाराकडे तोंड करून बसे. लिफ्ट थांबली की कान टवकारी, पावलं पुढे गेली की हनुवटी पुन्हा फरशीवर. वाडग्यातलं खाणं अर्धं तसंच राही. वृंदाताईंनी तिला एकदाही नावानं हाक मारली नाही.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी शेवटची पोळी तव्यावर होती आणि मागे फरशीवर नखं वाजली. वृंदाताई वळून बघतात तर ब्राउनी उंबऱ्यावर बसलेली. नेमकी त्याच जागी.

"तिथे नाही बसायचं," त्या कडाडल्या.

कुत्री लगेच उठली. कुरकुर नाही, काही नाही. शेपूट पोटाशी घेऊन दाराकडे निघून गेली. जिला उठवून लावलेलंच जास्त ठाऊक असतं तीच इतक्या चटकन उठते. वृंदाताईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी डब्यातून पुन्हा मूठभर पीठ घेतलं. चानकी लाटली, भाजली, तूप लावलं आणि दारापाशी नेली. ब्राउनीनं ती हुंगली, अलगद तोंडात धरली, पण खाल्ली नाही. दाराच्या फटीशी नेऊन ठेवली आणि शेजारी बसून राहिली. कुणासाठी तरी ठेवावी तशी.

वृंदाताईंचे गुडघे कुरकुरत होते, तरी त्या फरशीवर बसल्या.

"ते यायचे नाहीत गं," त्या म्हणाल्या. "कुणीच येत नाही."

मग इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू फुटलं. "डॉक्टर नको म्हणाले होते रे," वृंदाताई त्या कुत्रीला सांगत होत्या. "मला वाटलं, तू बरा होशील. तेवढी एक दिली असती तर काय बिघडलं असतं रे."

राजाभाऊ फोन कानाला लावून बाहेर आले. उद्या किती वाजता येऊ, असं स्वानंदी विचारत होती.

"नको येऊस म्हणावं," वृंदाताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "हिला एकदा सोडून झालंय."

त्यांनी चानकीचा अर्धा तुकडा मोडून हातावर धरला. ब्राउनीनं बराच वेळ त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि खाल्ला. उरलेली अर्धी दोघींनीही दारापाशीच राहू दिली.