पुंजारामच्या जटा आणि मी

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी मला ओळखेल असं मला वाटत नाही. मी केस कापायची हाताची मशीन आहे. मला वायर नाही, बटण नाही. दोन दांडे, मधे एक स्प्रिंग आणि पुढे एकीवर एक बसवलेल्या दातेरी फण्या, एवढाच माझा संसार. दांडे दाबले की वरची फणी सरकते आणि मधे सापडलेला केस तुटतो. तो केस तुटावा की नाही, हे मला कुणी कधी विचारलं नाही. मशीनला कोण विचारतो? पण एकदा एका माणसालाही कुणी विचारलं नाही, आणि त्या कामात मी होते. आज ते सांगून टाकते.

माझ्या दांड्यावर विलायती अक्षरं कोरली आहेत. मी कुठल्या कारखान्यात घडले ते त्यात लिहिलं असणार, पण ते वाचणारा मला भेटला नाही. पोलीस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली होती, तेव्हा छावणीच्या बाजारात सांडू कारागिराने मला घेतलं. लिंबाखाली एक खुर्ची आणि खिळ्याला टांगलेला आरसा, हे त्याचं दुकान. निजामाचं राज्य गेलं, नव्या पलटणी आल्या, आणि पलटणीला तर केस बारीकच लागतात. एक हवालदार मानेवरून हात फिरवून म्हणायचा, "क्या मशीन है सांडू, मक्खन!" मग सांडू दिवसभर फुगलेला. रोज संध्याकाळी तो मला तेलाच्या फडक्याने पुसायचा आणि मखमलीच्या तुकड्यात निजवायचा.

त्या दिवसांत मी माणसं मागून ओळखायला शिकले. समोरून माणूस मिशीला पीळ देईल, डोळे वटारेल. मानेला मात्र सोंग येत नाही. कचेरीतले एक साहेब अख्ख्या बाजाराला दमात घ्यायचे, पण खुर्चीत बसून माझा गार स्पर्श झाला की त्यांची मान चिमणीएवढी व्हायची. मी मनातल्या मनात नोंद करून ठेवायची.

पुढे सांडूने लिंबाजवळच पक्कं दुकान घातलं आणि विजेवरची मशीन आणली. तीन दिवस तो तिच्याकडे बघत बसला आणि चौथ्या दिवशी मी ड्रॉवरमध्ये गेले. तिथे तुटकी कंगवी, बोथट वस्तरा आणि मी, अशी आम्ही पेन्शनर मंडळी सात-आठ वर्षं पडून होतो. माझ्या स्प्रिंगला गंज चढला.

मला बाहेर काढलं ते शांतवन मकासरे मास्तरांनी. मास्तर मिशनच्या एका शाळेतून निवृत्त झाले होते आणि पडेगावला राहत होते. दर शनिवारी दुपारी ते आणि त्यांच्या पत्नी शैलाबाई स्टेशनबाहेरच्या एका पडक्या शेडमध्ये जायचे. ज्यांना घर नाही अशी माणसं तिथे निजायची. मास्तरांनी त्यांची एक संगती, म्हणजे शनिवारची मंडळी, जमवली होती. आधी पिंपातल्या पाण्याने अंघोळ, मग भजन, मग प्रार्थना, मग खिचडी. आता त्यात हजामत घालावी असं त्यांच्या मनात आलं.

"घिऊन जा मास्तर," सांडू म्हणाला, "तशीबी ड्रॉवरमधी मरायलीय ती."

मास्तर हजामत शिकले ते पहिल्या पाच-सहा डोक्यांच्या जिवावर. त्या डोक्यांवर पायऱ्या पडल्या, पण कुणी तक्रार केली नाही. महिनाभरात त्यांचा हात बसला. मित्रांनो, पलटणीच्या डोक्यांपेक्षा मला ही डोकी आवडायची. ज्या मानेला वर्ष-वर्ष कुणी हात लावलेला नसतो, ती पहिल्यांदा आखडते आणि मग हळूच सैल पडते. मास्तर प्रत्येकाला नावाने हाक मारायचे. मला वाटतं, निम्मी माणसं त्या हाकेसाठीच यायची.

मास्तर माणूस सोन्यासारखा, पण त्यांना एक खोड होती. रविवारी चर्चमध्ये उभं राहून ते सांगायचे, "काल एकोणीस डोकी झाली." पुढच्या रविवारी वीस सांगता आली तर त्यांचा चेहरा उजळायचा. अठरा झाली तर शैलाबाईंना उगीच बोलणी बसायची.

संगतीत द्वारकाबाई नावाची एक म्हातारी होती. तीन गाठोडी आणि एक जीभ एवढी तिची मालमत्ता.

"मास्तर, तुमच्या देवाला टकलीच आवडत्यात का वं?" तिने एकदा विचारलं.

मास्तर हसले. "द्वारकाबाई, माझा देव तर माणसाच्या डोक्यावरचा केस न् केस मोजून ठेवतो."

"अन् तुम्ही ते कापून टाकायलाव? त्याचा हिसाब नसंल का चुकत?"

शेडमधली माणसं खो-खो हसली. मास्तरही हसले. त्या प्रश्नाचा विचार मात्र कुणी केला नाही.

या माणसांत एकच डोकं मला मिळालं नव्हतं. ते पुंजारामचं. पुंजाराम अजिंठ्याकडचा, पंचेचाळिशीचा, बोलणं कमी. त्याच्या जटा कमरेपर्यंत आल्या होत्या. दिवसभर तो स्टेशनच्या बाहेर पडायच्या फाटकाशी, एकाच पायरीवर बसायचा. शेडमध्ये भजन सुरू झालं की उठून यायचा, डालड्याच्या डब्यावर ठेका धरायचा आणि असा गळा लावायचा की शेडचे पत्रे वाजावेत. पिंप भरायला तोच पुढे. खिचडी घ्यायला सगळ्यांच्या मागे. मास्तरांचा त्याच्यावर जीव होता. येत्या नाताळात त्याने बाप्तिस्मा घ्यावा असं त्यांना वाटत होतं, आणि पुंजारामही राजी होता.

"तुमचा देव फाटक्या माणसात बसतो," तो म्हणाला. "मला चालतंय. पर केसाला हात लावू नका."

मास्तरांनी मनाशी ठरवून टाकलं की हा कुठल्यातरी देवीचा नवस असणार. "त्या बंधनातून तो सुटला पाहिजे," ते घरी शैलाबाईंना म्हणाले. पिशवीत खुंटीला टांगलेली मी ऐकत होते. त्यानंतर तीन आठवडे त्या घरात रोज पुंजारामच्या जटांसाठी प्रार्थना झाली. डोळ्यांत पाणी आणून, अगदी मनापासून झाली. पुंजाराम तिथून तीन कोसांवर, स्टेशनच्या पायरीवर बसलेला होता.

डिसेंबरच्या थंडीत पुंजारामला ताप भरला. शनिवारी आम्ही गेलो तर तो शेडच्या कोपऱ्यात ग्लानीत पडलेला. जटांत उवा बुजबुजल्या होत्या आणि खाजवून खाजवून टाळूला जखमा झाल्या होत्या. मास्तरांनी त्याला गोळी पाण्यात विरघळवून पाजली. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली, आणि "प्रभूने वाट दाखवली," असं म्हणून पिशवीत हात घातला.

"ओ मास्तर!" द्वारकाबाई ओरडली. "निजल्या माणसाचं काय कापताव? उठू द्या की त्याला."

"जखमा चिघळल्यात, द्वारकाबाई. किडे पडतील."

"मग दवा लावा. केस का कापताव? नाय म्हणलंय ना त्यानं?"

"आम्ही तीन आठवडे प्रार्थना केलीय," मास्तर म्हणाले.

द्वारकाबाईने तोंड फिरवून आपली गाठोडी जवळ ओढली. तुम्हीच सांगा, यावर कोण काय बोलणार?

त्या जटा दोरखंडासारख्या होत्या. आधी कात्री चालली, मग मी. माझे दात अडकले, मी ओढलं, पुन्हा अडकले. एवढं जड काम मी पलटणीतही केलं नव्हतं. जटांखाली कातडी निघाली ती लहान मुलाच्या कातडीसारखी पांढरीफटक. मी टाळूवर आले तेव्हा पुंजाराम तापात पुटपुटला, "भागू, धर. नीट धर, पडशील." भ्रमात आहे, असं मास्तर म्हणाले. शैलाबाईंनी शेडमागे नेऊन जटांवर रॉकेल ओतलं आणि काडी लावली. उवांना दुसरा उपाय नव्हता. त्या वासाने कुणाला खिचडी गेली नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चर्चमध्ये वीस डोकी सांगितली, आणि विसावं कुणाचं तेही सांगितलं.

पुढच्या शनिवारी पुंजाराम उठून बसलेला होता. ताप उतरला होता, जखमांवर खपली धरली होती. तो एकसारखा टाळूवरून हात फिरवत होता.

"केस कुठं हायेत?" त्याने विचारलं.

"जाळले, भाऊ," शैलाबाई म्हणाल्या. "फार उवा होत्या."

मास्तर त्याच्याजवळ बसले. "कुठल्या देवाचा नवस होता, पुंजाराम? आता त्याचं भय बाळगू नकोस."

"कशाचा नवस?" पुंजारामचा आवाज भजनातल्यासारखा नव्हता. "भागूसाठी ठेवले व्हते. माझी पोर. बहात्तरच्या दुष्काळात गाव सोडलं तवा चार वर्साची व्हती. तिची माय आधीच गेल्ती. अजिंठ्यापसून हितवर खांद्यावर आणली तिला. हितं, ह्याच टेसनात, पाण्याला म्हनून खाली ठिवली. घोटभर पाणी पिऊन मागं बघतो तर पोर नाय."

पुंजारामने पुन्हा टाळूवरून हात फिरवला.

"सात वर्सं झाली. तिनं माझं तोंड कवा नीट बघितलं? सदा खांद्यावर बसलेली, दोन्ही मुठीत केस धरून. तिला माझ्या केसाचीच वळख, मास्तर. कापले तर ती आपल्या बापाला कशावरनं वळखील?"

मास्तर म्हणाले, "मग मला... मला सांगितलं का नाहीस रे?"

"तुम्ही देवाला इचारलं," पुंजाराम म्हणाला. "मला कुठं इचारलं?"

मास्तरांनी मला पिशवीतून बाहेर काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "घे. सगळ्यांदेखत माझे काप."

"तुमचे कापून माझे वाढत्याल का?"

त्याने मला घेतलं, उलटं करून सतरंजीवर ठेवलं आणि भिंतीला धरत धरत तो फाटकाकडे निघून गेला. त्या दिवशी ठेका नव्हता. भजन कसंबसं दोन कडव्यांत आटोपलं. नाताळ आला नि गेला. पुंजारामचा बाप्तिस्मा झाला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी मास्तर प्रत्येकाजवळ गेले आणि पहिल्यांदाच विचारलं, "कापू का?" नेहमीच्या एकोणिसांतली चार जणं हो म्हणाली. बाकीची खाली बघत राहिली. मास्तरांना काही उमगेना. शेवटी द्वारकाबाईनेच सांगितलं, "आवो, ह्यास्नी वाटायचं, डोकं दिल्याबगर खिचडी भेटत नाय. पुंजाराम पाणी भरायचा म्हनून त्याला माफ."

मित्रांनो, त्या वेळी मास्तरांची मान माझ्या डोळ्यांसमोर होती. कचेरीतल्या साहेबांची व्हायची तशीच ती झाली होती. आणि मी? सैल पडलेल्या मानांचा मी केवढा अभिमान बाळगला होता! त्यातल्या किती प्रेमाने सैल पडल्या आणि किती भुकेने, याचा हिशोब माझ्याही हातून चुकला होता.

मास्तरांनी शेडचं काम शैलाबाईंवर सोपवलं आणि ते फाटकाशी पुंजारामच्या पायरीवर जाऊन बसले. पुंजारामने तोंड फिरवलं. दुसऱ्या शनिवारी फिरवलं, तिसऱ्या शनिवारीही. मास्तर प्रार्थना करत नव्हते, उपदेश करत नव्हते, नुसते बसत होते. त्यांना न बोलता बसायची सवय नव्हती, म्हणून ते पिशवीचा बंद गुंडाळायचे आणि सोडायचे. आत मी गुदमरत होते.

एके दिवशी मनमाडकडची पॅसेंजर येत होती. पुंजाराम एकाएकी म्हणाला, "आता ती मला वळखायची नाय. मलाच तिला वळखावं लागंल. अन् माझ्या डोळ्यात तर पडदा आलाय. माणसं नुसती सावल्यावानी दिसत्यात."

मास्तरांनी बंद गुंडाळायचा थांबवला. "कशी आहे ती?" त्यांनी विचारलं.

पुंजारामने आपल्या डाव्या भुवईवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "डाव्या भिवईत खूण हाय. खापरी लागल्ती. तिथं केस येत नायत."

गाडी थांबली. फाटकातून माणसं, बोचकी, कोंबड्या, सगळं एकदम बाहेर लोटलं. मास्तर उभे राहिले.

"हिरवा परकर आहे. अकरा-बारा वर्षांची. आईचा हात धरलाय."

"भिवई?"

"साफ आहे."

"जाऊ द्या."

"ही दुसरी. डोक्यावर पाटी आहे. थांब, वळतेय... नाही. हिचीही साफ."

"जाऊ द्या."

शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत असंच चाललं. मग दोघेही खाली बसले. पुंजारामने अंगावरच्या घोंगडीचं एक टोक मास्तरांच्या बाजूला सरकवलं. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. नंतरही कधी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

महिनाभराने मास्तरांनी मला सांडूला परत केलं. "गाडीच्या वेळी मला काम असतं," एवढंच ते म्हणाले. तेव्हापासून मी इथेच आहे. आता सांडूचा नातू दुकान चालवतो. त्याने मला काचेच्या कपाटात शोभेला ठेवलं आहे. शहराचं नाव बदललं, फाटकाशी बसणारी ती दोन माणसंही राहिली नसतील. भागू सापडली की नाही, ते मला कळलं नाही. कळवायला कोण येणार?

मला तेल नको, मखमल नको. मित्रांनो, कुणाचं भलं करायला निघालात, तर त्याच्या डोक्याला हात लावण्याआधी त्याला विचारा. तो नाही म्हणाला, तर का म्हणाला तेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणखी एक मागणं आहे. डाव्या भुवईत खूण असलेली, पन्नाशी उलटलेली एखादी बाई तुम्हाला कधी भेटली, लहानपणी मी स्टेशनात हरवले होते असं ती म्हणाली, तर तिला सांगा: तुझ्या बापाने सात वर्षं तुझ्यासाठी केस राखले होते. ते आम्ही कापले.