निताच्या मागे कोणी नाही

खो-खोचे दोन्ही खांब मी सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांनी वेढून घेतले होते. आधीच्या शाळेत अशाच एका उघड्या खांबावर एक मुलगी आदळली, तिचा जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकला, आणि त्या दिवसापासून माझ्यात काहीतरी जागच्या जागी थांबले. मी मैदानातले खडे वेचते, फक्कीने रेषा आखते, शिट्टी वाजवते. दिवस दोरीवरच्या कपड्यांसारखे हलतात; आत कोणी नसते.

निता सातवीत. दोन हंगामांपूर्वी ऊसतोडीवर तिचा उजवा पाय ट्रॉलीखाली आला होता. यंदा आई-बाप तोडीला गेले आणि ती तांड्यावर आजीजवळ राहिली. त्याच आठवड्यात तिची आजी, कमलीबाई, मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली.

"मॅडम, हिले बाहेर नोका बसवू. घरी येऊन रडत नाही, पण जेवतही नाही."

मी निताला आत घेतले, लिंबू-टिंबू म्हणून. कोणी शिवले तरी ती बाद नाही. या उपायाचे मला समाधान वाटले असावे. काय वाटते आहे, हे त्या काळात मी केवळ तर्काने ठरवत असे.

माघातल्या एका सकाळी निता धावता धावता थांबली. तिने वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. संघातली सर्वांत चपळ वर्षाराणी तिच्या खांद्याजवळून निघून दुसरीचाच पाठलाग करत होती. महिनाभर हेच चालले होते. मी ते रोज पाहिले होते आणि त्याला सुरक्षितता म्हटले होते.

"वर्षे, मले शिव ना वं."

"तुले शिवून काय फायदा? तू त लिंबू हायेस!"

बसलेल्या मुली हसल्या. निताही हसली आणि लंगडत सरळ माझ्यासमोर आली.

"मॅडम, मले बाद होऊ द्या. नाही त उद्यापासून मी येत नाही."

"आणि पाय?"

"पाय माहा हाये. दुखला त मी हात वर करतो. मंग थांबवजा."

मी खांबाकडे पाहिले. पोत्याची एक शिवण उसवली होती. ती शिवून होईपर्यंत सगळ्या मुली उन्हात थांबल्या.

"आजपासून लिंबू कोणी नाही," मी म्हणाले. "निताने हात वर केला की सगळ्यांनी थांबायचे."

"पडली त मी नाही उचलत हं," वर्षाराणीने बजावले.

"तू पयले पकड त!"

शिट्टी झाली. निता वाकडी, अडखळत, अनपेक्षित दिशांना धावली. दोनदा वर्षाराणीचा हात हवेत राहिला. मग खांबाशी वळताना निता पोत्यावर आदळून खाली आली, आणि वर्षाराणीचा पंजा तिच्या पाठीवर पडला.

खेळ थांबला. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. प्रथमोपचाराची पेटी दोन पावलांवर होती आणि मी तिच्याकडे निघालेही होते. निताने धुळीतून मान उचलली. हात वर केला नाही. केवळ माझ्या ओठांतल्या शिट्टीकडे पाहत राहिली.

मी शिट्टी वाजवली. "निता बाद."

ती उठली. गुडघ्यावरची माती झटकत रेषेबाहेर गेली आणि बाद झालेल्या मुलींत बसली. त्यांनी सरकून जागा दिली.

"अकरा सेकंद टिकली वं तू."

"उद्या तेरा करतो."

शिट्टीच्या धातूची चव बराच वेळ माझ्या जिभेवर होती. ती भीती होती की आणखी काही, हे मला सांगता आले नाही. उरलेल्या दोघी बाद झाल्यावर मी पुढच्या तिघींना आत बोलावले.