शपथेवरची दुपार

मालविका चिटणीस बॅरिस्टर होती, पण बॅरिस्टर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जो थाट येतो, त्यातलं तिच्याकडे काही म्हणजे काही नव्हतं. कॉव्हेंट्रीतल्या एका जुन्या विटांच्या इमारतीत तिचं चेंबर्स. चेंबर्स म्हणजे तरी काय? वीसेक बॅरिस्टर एका छपराखाली जमतात, मिळून एक क्लार्क ठेवतात, दारावर सगळ्यांची नावं एकाखाली एक लावतात, आणि मग जो तो आपली केस घेऊन आपल्या खोलीत शिरतो. घर एक, चुली वेगळ्या. किटली तेवढी सामायिक.

त्यात पुन्हा गंमत अशी, की एकाच भांडणाच्या दोन्ही बाजू याच इमारतीत येऊन बसू शकतात. यमुनाबाईंच्या केसमध्ये तेच झालं होतं. सासू मालविकाकडे आणि सून भिंतीपलीकडच्या हॅरिएटकडे. दोघी बॅरिस्टर एकाच किटलीतलं पाणी घ्यायच्या, थंडी किती वाढलीय ते बोलायच्या, आणि केसबद्दल अवाक्षर काढायच्या नाहीत. नियमच तसा. मालविकाला नियम फार प्रिय होते. आयुष्यात माणसं कमी असली की नियमांचा आधार वाटतो. ते बिचारे रोज घरी तरी असतात.

यमुनाबाईंची गोष्ट दोन वाक्यांत सांगण्यासारखी होती. त्यांचा एकुलता एक मुलगा उदय ध्यानीमनी नसताना गेला, आणि सून तनिषा छोट्या उर्वीला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली ती गेलीच. एका बसच्या अंतरावर नात, आणि वर्ष उलटलं तरी तिचं तोंड दिसलं नव्हतं. यमुनाबाईंना कोर्टाकडून नातीबरोबरचा रविवार हवा होता. बस, दुसरं काही नाही.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात," पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या होत्या, "पण मी शहाणी असते तर ही वेळ आली असती का गं?"

उभा जन्म कॉव्हेंट्रीत काढूनही बाईंचं इंग्रजी बसच्या ड्रायव्हरशी बोलण्यापुरतंच. मालविकाची मराठी इथं जन्मलेल्या पोरांची. पण ती बोलत होती हे काय कमी? आई गेल्यापासून तिच्याशी मराठीत बोलणारं कुणी उरलं नव्हतं. फ्लॅटमध्ये ती कधीकधी फ्रीजशी बोलायची, तेसुद्धा इंग्रजीत. यमुनाबाई मात्र दर भेटीला डबा घेऊन यायच्या. आधी खायचं, मग केस.

"आजी, तो भाजी एकदम लव्हली होता."

"भाजी बाई असते गं पोरी. घे, अजून घे. नुसती हाडं झालीयेस."

क्लायंटशी इतकं जवळ जाऊ नये हे मालविकाला ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं अजून घेतली.

आणि तिथंच घोटाळा झाला. साक्षीच्या आधी मालविका प्रत्येक क्लायंटला न चुकता एक गोष्ट सांगायची. चोर असो, डॉक्टर असो, सगळ्यांना तेच: "एकदा तुमची साक्ष सुरू झाली, की संपेपर्यंत मी तुमच्यापासून लांब राहणार. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा. रागावले असं समजू नका." कारण अर्धवट साक्षीत वकिलानं साक्षीदाराला पढवलं असा संशय नुसता आला तरी केसचं वाटोळं होतं. पण यमुनाबाईंच्या शेवटच्या भेटीत थालीपीठं होती, वर लोण्याचा गोळा होता, आणि उर्वीच्या खोड्यांच्या गोष्टी होत्या. हसता हसता संध्याकाळ झाली. सांगायचं ते राहूनच गेलं.

सुनावणीच्या दिवशी सकाळी यमुनाबाई छान बोलल्या. शेजारी दुभाषी बसला होता, तो वाक्य न् वाक्य इंग्रजीत करत होता. समोर तनिषा मान खाली घालून बसली होती. उर्वीला काय आवडतं, ती कशाला घाबरते, झोपताना कुठली गोष्ट मागते, सगळं यमुनाबाईंनी सांगितलं. जज बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मालविकाला वाटलं, जमतंय. हॅरिएटची उलटतपासणी सुरू होणार तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली. "तुम्ही अजून शपथेवर आहात," जज म्हणाल्या, "केसबद्दल कुणाशीही बोलू नका." दुभाष्यानं तेही मराठीत सांगितलं आणि तो कॉफी प्यायला पळाला.

बाहेर कॉरिडॉरमध्ये यमुनाबाईंनी पिशवीतून डबा काढला. केसबद्दल बोलायचं नाही, मग जेवायला काय हरकत? त्यांचं चूक नव्हतं हो. त्या मालविकाजवळ आल्या.

"चल गं, दोन घास खाऊन घेऊ."

हॅरिएट दहा पावलांवर उभी होती. मालविकाच्या एकदम लक्षात आलं. आपण हिला सांगितलंच नाही! दोन शब्दांत आता सांगावं? पण मराठीतले ते दोन शब्द हॅरिएटला काय कळणार, तिला फक्त ओठ हललेले दिसणार. मालविकानं नुसती मान हलवली, हात वर केला, थांबा अशा अर्थानं, आणि पाठ फिरवून मीटिंगच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दाराला काचेची एक उभी पट्टी होती. त्यातून तिला दिसत होतं. यमुनाबाई डबा हातात धरून तशाच उभ्या होत्या. मग बाकावर बसल्या. डबा उघडला नाही. मालविकाला दार उघडून ओरडावंसं वाटलं, की आजी, मी रागावले नाहीये. ती उठली नाही. नियम ना! सुट्टी संपेपर्यंत दोघी उपाशी, एक दाराच्या अलीकडे आणि एक पलीकडे.

दुपारी साक्षीला उभ्या राहिलेल्या यमुनाबाई सकाळच्या नव्हत्याच. हॅरिएट तशी सौम्य बाई, पण काम चोख.

"तुमचा मुलगा गेल्यावर तुम्ही तनिषाला कधी जवळ घेतलं?"

"नाही."

"तिच्याशी त्याच्याबद्दल बोललात?"

"नाही."

"ती खोलीत आली की तुम्ही उठून स्वयंपाकघरात जायचात. त्याच्या जाण्याचा दोष तुम्ही तिला देत होतात, असं तिला वाटलं. चुकलं का तिचं?"

यमुनाबाईंनी मालविकाकडे पाहिलं. मालविकानं नजर कागदात घातली. साक्षीदाराला खूण केली असं वाटायला नको.

"तिचं काही चुकलं नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "माझा अर्ज मागे घ्या. पोर आईजवळ सुखात राहू दे. मला काही नको."

दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं. हॅरिएट खाली बसली. तिला आणखी काय हवं होतं?

रविवार गेला. हातचा गेला. आता आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न विचारायची मालविकाची पाळी होती, आणि या धंद्यात अगदी पहिल्या वर्षी शिकवतात, की ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो कोर्टात विचारायचा नाही. आजवर तिनं तो एकदाही विचारला नव्हता. ती उभी राहिली.

"सकाळी तुम्हाला उर्वी हवी होती. आता नको म्हणता. असं का?"

दुभाष्यानं प्रश्न मराठीत सांगितला, पण उत्तर देताना यमुनाबाई त्याच्यासाठी थांबल्याच नाहीत. सरळ मालविकाशीच बोलल्या.

"दुपारी तू माझ्याकडे पाठ फिरवलीस. तोंडातून शब्द काढला नाहीस. मी बाकावर बसून विचार करत होते, माझं काय चुकलं? काय वाईट बोलले मी? इतकं लागलं गं. आणि मग मनात आलं, तनिषाला असंच वाटलं असणार. दिवसच्या दिवस. मी तिला दोष देत नव्हते. देवाशप्पथ नव्हते. तिचा चेहरा पाहिला की मला हंबरडा फुटायचा, म्हणून पोळ्या लाटायला जायचे. दोघीही रडत बसलो तर उर्वीकडे कोण बघेल? पण हे तिला कधी सांगितलंच नाही. गप्प राहिले. गप्प माणसासमोर बसणं काय असतं ते मला आज कळलं. मग कुठल्या तोंडानं तिची मुलगी मागू?"

दुभाषी घाईघाईनं इंग्रजी जुळवत होता. तनिषाला त्याची गरज नव्हती. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते.

जज बाईंनी चष्मा काढला. "मिस चिटणीस, माझी सूचना तुम्ही जरा जास्तच पाळलीत असं दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी साक्ष संपल्याचं सांगून थोडा वेळ दिला.

तनिषानं हॅरिएटला बाहेर नेलं. परत आल्यावर हॅरिएट मालविकाच्या कानाशी फक्त एवढंच म्हणाली, "दर रविवारी. दिवसभर. आणि यमुनाबाईंना चालणार असेल तर पहिल्या रविवारी तनिषा स्वतःही थांबेल." यमुनाबाईंनी डोळे पुसत मान डोलावली, आणि जज बाईंनी तसा आदेश करून टाकला.

कॉरिडॉर रिकामा होत होता. यमुनाबाई त्याच बाकावर बसल्या होत्या. मालविका त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आजी, तो नियम असतो. मी सांगायला विसरली. सॉरी. मी रागावली नव्हती."

"वेडी कुठली," यमुनाबाई म्हणाल्या. "आता बोलता येतं ना? मग बस. आधी खा."

पोळी गार झाली होती, भाजीचं तेल वर आलं होतं. दोघींनी सगळा डबा चाटूनपुसून संपवला. सफाईवाल्या बाईनं पाय वर घ्यायला सांगितले तेव्हा दोघींनी पाय वर घेतले. मालविकाला वाटलं, कितीतरी महिन्यांत आपण इतकं चांगलं जेवलो नाही. आणि केस तर संपली. उद्या क्लार्क दुसऱ्या कुणाची फाइल टेबलावर ठेवेल. मनाचा हिय्या करून ती म्हणाली,

"आजी, या रविवारी माझ्या घरी याल? मी वरण-भात करते. मला तेवढंच येतं."

यमुनाबाई डब्याचं झाकण लावत होत्या. त्यांचा चेहरा नुसता उजळला होता.

"अगं, या रविवारी कशी येऊ? आता रविवारी उर्वी असणार ना!"

"हो की. विसरलीच मी," मालविका म्हणाली.

ती विसरली नव्हती. रविवार तिनंच तर मागून दिला होता; तरी एकदा विचारून पाहिलं होतं. पण शपथेवर आता कुणीच नव्हतं.