ईस्टरच्या पहाटेचं गीत

हिंगणघाटच्या ख्रिस्ती मंडळीत ईस्टरच्या पहाटे पहिलं गीत गायचा मान आदेश खंडारेचा होता. त्याच्याआधी तो त्याच्या वडिलांचा होता. सूर्य उगवायच्या आधी सगळे कब्रस्तानात जमायचे, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावायचे, आणि पूर्वेला जरा उजळलं की आदेश उभा राहायचा. पेटी नाही, माईक नाही. नुसत्या गळ्यावर तो असा सूर लावायचा की रस्त्यापलीकडच्या घरांतली माणसं दारात येऊन ऐकायची.

आदेश कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. तिथं कामाला लागला तेव्हाच त्याला खर्र्याची सवय लागली. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा सकाळी गालात जायचा, तो रात्री झोपेपर्यंत. "कापसाच्या धुळीनं तोंड सुकते, म्हणून खातो," असं तो सांगायचा. बायको जागृती सुरुवातीला भांडली, मग रडली, मग गप्प झाली.

मागच्या दोन वर्षांत त्याचं तोंड उघडेनासं झालं. आधी मोठा घास जाईना. मग तिखट सोसेना. जागृती त्याच्यासाठी वरणात पोळी कुस्करून द्यायला लागली. तरी गाणं चालू होतं, म्हणून त्यानं मनावर घेतलं नाही. नाताळच्या उपासनेत मात्र वरच्या पट्टीत जायची ओळ आली आणि त्याचा जबडा तिथंच अडकला. सूर दातांमागे चेपला गेला. शेजारी उभ्या असलेल्या मोनालीनं, चर्चमधल्या त्या तरुण गायिकेनं, ओळ उचलून धरली आणि गीत पार पडलं. सगळे नंतर नेहमीपेक्षा जास्त प्रेमानं हात मिळवायला लागले, तेच त्याला सोसलं नाही.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी तपासलं. तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत, त्याच्या तोंडात एकच मुश्किलीनं जात होतं.

"अजून कॅन्सर नाही," डॉक्टर म्हणाले. "पण वाट तिकडचीच आहे. खर्रा आज बंद करा. रोज तोंडाचा व्यायाम करा. गेलेलं सगळं परत येणार नाही, पण बरंचसं येऊ शकतं."

आदेशनं त्या दिवशी खर्रा सोडला. आठवडाभरात पुन्हा धरला. पुन्हा सोडला, पुन्हा धरला. मुलीची शपथ घेतली, तीही मोडली. आता तो घरी येताना चूळ भरून यायचा आणि जागृतीला सगळं कळायचं.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला. चर्चच्या पाळक सरिताबाई मूळच्या नगरकडच्या. शांत, पण बोलायला सरळ. पहिल्याच रविवारी त्यांनी तळ्याकाठी वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या आजारी माणसाची गोष्ट सांगितली. प्रभू येशू त्याच्यापाशी थांबला आणि त्यानं आधी एवढंच विचारलं, की बरं व्हायची इच्छा आहे का तुझी?

उपासना संपल्यावर आदेश थेट त्यांच्याकडे गेला. त्याला राग आला होता आणि कशाचा ते त्यालाच कळत नव्हतं.

"मॅडम, हा काय प्रश्न झाला? बिमार माणसाले बरं व्हाचंच राह्यते ना! त्याले काऊन विचाराचं?"

सरिताबाईंनी हातातलं आवरणं थांबवलं. "तुम्हीच सांगा. तुम्हाला सोडायचाय का खर्रा?"

"म्हंजे काय! किती वेळा सोडला मी!"

"सोडला किती वेळा ते नाही विचारलं. सोडायचाय का?"

आदेश 'हो' म्हणायला गेला आणि शब्द बाहेर येईना. खिशात पन्नी होती. दारातून बाहेर पडलं की ती उघडायची, हे प्रवचन ऐकतानाही त्याच्या डोक्यात होतं. त्याला मरायचं नव्हतं, तोंड बंद व्हायला नको होतं, लोकांची कीव नको होती. पण खर्रा हवा होता. अगदी आत्ता हवा होता.

"नाई," तो शेवटी हळूच म्हणाला. "खरं सांगू मॅडम, मले सोडाचाच नाई."

त्याला वाटलं, आता बाई रागावतील. पण त्यांचा चेहरा उजळला.

"मग हेच सांगा प्रभूला. आजपर्यंत 'सोडतो' म्हणून शब्द दिलेत. आता इच्छाच मागा. जे आपल्यापाशी नाही तेच मागायचं असतं ना?"

चर्च रिकामं झालं होतं. आदेश मागच्या बाकापाशी गुडघ्यावर बसला. आयुष्यभर त्यानं सुंदर प्रार्थना म्हटल्या होत्या, लोक त्याला प्रार्थना करायला घरी बोलवायचे. आज एकच वाक्य निघालं. "प्रभू, मले सोडाची इच्छाच नाई, ते इच्छाच तू दे." आणि तो रडायला लागला. स्वतःशी खोटं बोलायचं ओझं किती होतं, ते उतरल्यावर कळलं.

चमत्कार काही झाला नाही. सोमवारी कामावर जाताना पाय आपोआप अंकुशच्या पानठेल्यावर वळले. अंकुश त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याला पाहताच अंकुशनं सुपारी घेतली.

"माहा नको घोटू," आदेश म्हणाला.

अंकुश हसला. "पुन्हा सोडला का बे? किती दिवस?"

"ते माहीत नाई. आज नको."

तो चालायला लागला. तलफ तशीच होती, पण एक गोष्ट वेगळी होती. याआधी प्रत्येक वेळी तो आजाराच्या भीतीनं खर्र्यापासून पळाला होता. आज त्याला खर्र्यानं भरलेल्या तोंडाची नव्हे, मोकळ्या तोंडाची ओढ वाटत होती. छोटीशीच होती ती इच्छा, पण त्याची स्वतःची होती. ती आपण बनवली नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून रोज पहाटे उठून तो ती पुन्हा मागायचा.

पुढचे दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, झोप लागायची नाही. तो जागृतीवर खेकसायचा आणि मग माफी मागायचा. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तो आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरून बसायचा. डोळ्यांत पाणी यायचं. जागृती शेजारी बसून सांगायची, "अजून एक काडी बसते पाहा. धरा." तलफ आली की तो गुणगुणायचा. मशीनच्या आवाजात कोणाला ऐकू येत नव्हतं, म्हणून मोठ्यानं गायचा.

एकदा सुपरवायझरशी कडाक्याचं भांडण झालं आणि तो घसरला. दुसऱ्याच ठेल्यावर जाऊन खर्रा घेतला. अर्ध्यातच थुंकला, पण चूळ न भरता तसाच घरी आला.

"आज खाल्ला मी," त्यानं दारातच सांगितलं.

जागृती पाण्याचा तांब्या घेऊन आली. "तुमी पयल्यांदाच आपल्या तोंडानं सांगितलं," ती म्हणाली. "हात धुवा. जेवाले बसा." जेवणानंतर ती काड्या घेऊन आली, आणि तो दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा गुडघ्यावर होता.

यंदा सरिताबाईंनी मोनालीला पहिलं गीत गायला सांगितलं होतं. ईस्टरच्या आदल्या दिवशी ती आदेशच्या घरी आली.

"काका, मी नाई गाणार. तुमी म्हना."

"वरची पट्टी नाई लागत पोरी."

"मग खालची लावा. कोनं मना केली?"

पहाटे कब्रस्तानात मेणबत्त्या लागल्या. आभाळ जरा फिकट झालं, मोनाली मागे सरकली आणि सरिताबाईंनी आदेशकडे पाहिलं. तो वडिलांच्या कबरीशेजारून उठला. त्यानं नेहमीपेक्षा बराच खालचा सूर धरला आणि तोंड उघडलं.

ते उघडलं. जुन्याइतकं नाही, पण उघडलं. आवाज दातांमागे थांबला नाही. मधाळपणा गेला होता, त्या जागी खरखर आली होती, आणि त्या खरखरीत अशी ताकद होती की पुढचे लोक ताठ उभे राहिले. प्रभू उठला आहे, ही ओळ त्यानं आजवर शेकडो वेळा म्हटली असेल. आज त्यानं ती पाहून आल्यासारखी सांगितली. शेवटच्या कडव्याला तो चढत गेला. ज्या सुरावर नाताळला अडकला होता तिथं पोचला आणि पार झाला. मोनालीनं आरोळी ठोकली. मग सगळी मंडळी गायला लागली, म्हातारी माणसं हात वर करून, पोरं उड्या मारत. जागृती तोंडाला पदर लावून एकाच वेळी हसत आणि रडत होती.

कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर अंकुश सायकल धरून उभा होता. ठेला उघडायचा सोडून तो आला होता.

"तुह्या देवानं तुले लय जोरात ढकललं बे," तो म्हणाला.

"ढकललं नाई. हात देल्ला."

अंकुश जरा घुटमळला. "माही बायको बी रोज म्हनते, खर्रा खाणं सोडा म्हून. मले सोडावंच वाटत नाई."

आदेशनं त्याच्या खांद्यावर हात टाकला. "मंग तू बरोब्बर जाग्यावर हायस गड्या. चाल, घरी चाल. चहा पिऊ, मंग सांगतो."

सूर्य वर आला होता. जागृतीही येऊन मिळाली आणि तिघं बाजाराच्या रस्त्यानं निघाली. दुकानांची शटरं अजून बंद होती. आदेश पुन्हा गायला लागला, या वेळी त्याच्या मनासारख्या चढ्या पट्टीत. सूर एका ठिकाणी फाटला. त्यानं तो फाटू दिला आणि पुढची ओळ घेतली. चर्चमध्येही कधी ओठ न हलवणारी जागृती त्याच्या मागोमाग भर रस्त्यात गाऊ लागली.