उज्वलासाठी ठेवलेली अर्धी साडी

मित्रांनो, मी एक जुनी सुती साडी आहे, असं सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. कारण तुम्हाला दिसतंय ते एवढंसं टोपडं! तान्ह्या बाळाच्या डोक्यावर बसेल एवढं, दोन बंदांचं, कडेला एक वेडंवाकडं लाल फूल असलेलं. पण एके काळी मी पूर्ण साडी होते. कैरीच्या रंगाची, विटकरी काठांची. तिची मी एवढीशी कशी झाले, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म मालेगावचा. यंत्रमागाच्या खडखडाटात मी विणली गेले. माझ्यासाठी कुठल्याशा रानात कापूस वाढला होता, त्याला कुणाच्या तरी विहिरीचं पाणी पाजलं होतं. मला रंगवून झाल्यावर हौदात उरलेलं रंगाचं पाणी नाल्याला सोडून दिलं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. नव्या साडीला आपल्या रंगापलीकडचं कुठे दिसतं?

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. दिवाळी तोंडावर आली होती. नाशिकच्या मेन रोडवरच्या एका दुकानात, पांढऱ्या गादीवर चतुराबाई मला मांडीवर घेऊन बसल्या. त्यांचं माहेर सायखेड्याचं आणि सासर सिडकोतल्या दोन खोल्यांचं. त्यांचे यजमान खंडेराव सातपूरच्या कारखान्यात कामाला. चतुराबाईंनी मला चिमटीत धरून चोळलं, उजेडात धरून पाहिलं, काठ ओढून पाहिला.

"रंग जाईल का हो?"

"ताई, रंग गेला तर साडी परत आणा," दुकानदार म्हणाला, "मी स्वतः नेसून गल्ल्यावर बसतो!"

चतुराबाई हसल्या. त्यांची लहानगी उज्वला तर गादीवर लोळून हसली. वर्षाची एक साडी घ्यायची, तर ती अशी निरखून, पारखून, हसून घ्यायची असे. घरी आल्यावर मला मिठाच्या पाण्यात भिजवलं, सावलीत वाळवलं. रंग गेला नाही. दुकानदाराची अब्रू वाचली.

पुढची काही वर्षं म्हणजे माझ्या सुखाचे दिवस. सणाला मी, पाहुण्यांत मी, मग रोजच्या स्वयंपाकालाही मी. माझ्या पदरानं गरम पातेली उतरली, उज्वलाचं नाक पुसलं गेलं, कधीमधी डोळेही. रोजच्या धुण्यानं माझी खळ गेली, करकरीतपणा गेला आणि मी मऊ होत गेले. अगदी दुधावरच्या सायीसारखी.

मग चतुराबाईंना पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यात एका दुपारी त्यांनी मला जमिनीवर पसरलं आणि हातात कात्री घेतली. मी घाबरले. पण मित्रांनो, आपल्याकडची रीत तुम्ही आजीला विचारा. तान्ह्या बाळाच्या अंगाला पहिलं लागायचं ते जुनंच कापड. नवं कापड त्याला टोचतं. जुनं घरच्याच माणसाच्या अंगावर मऊ झालेलं असतं. कात्री माझ्यातून गेली, तेव्हा मला दुखलं नाही. माझ्या अर्ध्या अंगाचं दुपटं झालं, झबली झाली, लंगोट झाले. त्या दुपट्यात गुंडाळलेला दीपक मी पाहिला आहे. काय शांत झोपायचा!

उरलेल्या अर्ध्याची घडी घालताना दहा वर्षांची उज्वला आईच्या हाताला लोंबकळली.

"आई, हे माझ्या बाळाला ठेव ना गं."

"ऐका! हिचं बाळ!" चतुराबाईंना हसू आवरेना. "आधी सातचा पाढा पाठ कर, मग बाळं आण."

"ठेव ना पण."

"ठेवते गं माझे बाई. तुझ्या पहिल्या बाळाचं दुपटं याचंच करीन. झालं?"

उज्वलाचं एवढ्यानं समाधान झालं नाही. तिनं सुईत लाल दोरा ओवला आणि माझ्या कोपऱ्यात, काठाला लागून, एक फूल काढलं. पाच पाकळ्या काढायला गेली, चारच बसल्या. "ही माझी खूण," ती म्हणाली. चतुराबाईंनी कडुनिंबाचा पाला घालून मला कपाटाच्या तळाशी ठेवलं. मी वाट पाहू लागले. वाट पाहायलाही बरं वाटत होतं, कारण मी कुणासाठी तरी ठेवलेली होते.

कपाटात मी एकटी नव्हते. वरच्या खणात चतुराबाईंच्या मोजक्याच साड्या होत्या, आम्ही एकमेकींना नावानं ओळखत होतो. दोन हजार साल उलटलं आणि घराची चाल बदलली. गल्लीतून रिक्षा फिरायची, भोंग्यावर ओरडायची, "भव्य सेल! दोन साड्यांवर एक साडी मोफत!" शेजारच्या सविताताई दारातून हाक मारायच्या, "अगं चतुरा, चल लवकर! चांगल्या चांगल्या संपून जातील!" मंगल कार्यालयात लाकडी टेबलांवर ढीग पडलेले असायचे. तिथे कुणी कापड चोळून पाहत नव्हतं, रंग जाईल का विचारत नव्हतं. हाताला लागलं ते घ्यायचं.

वरचा खण भरला, मधला भरला, मग माझ्यावरही थर चढू लागले. चमकीच्या, सळसळत्या साड्या! सणाला एकदा नेसायच्या आणि सणाच्या फोटोत दिसल्या म्हणून पुन्हा नेसायच्या नाहीत. त्यात आहेराच्या साड्यांची भर. त्या तर कुणी नेसण्यासाठी घेतच नसे. लग्नात आलेली साडी दुसऱ्या लग्नात द्यायची. एक जांभळी साडी आमच्याच कपाटातून निघाली, पाहुण्यांच्या पाच-सहा घरी फिरली आणि दीपकच्या मुंजीत परत आमच्याच घरी आली. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. बिचारी मला म्हणाली, "अर्धे, तू निदान कुणाच्या तरी अंगाला लागलीस."

खंडेराव कपाटाला पाठ लावून दार बंद करायचे आणि म्हणायचे, "दार लागत नाही, आणि नेसायला काही नाही म्हणे!"

"तुम्हाला नाय कळायचं," चतुराबाई म्हणायच्या. त्यांचंही चुकत नव्हतं, मित्रांनो. वर्षाला एक साडी मिळालेल्या बाईला एवढ्या रंगांतून निवडायला मिळालं, तर ती हरखणार नाही का?

उज्वलाचं लग्न ठरलं त्या वर्षीची गोष्ट. लग्नाचे कपडे ठेवायला जागा हवी म्हणून चतुराबाईंनी कपाट उपसलं. तेवढ्यात गल्लीत आरोळी आली, "भांडीऽऽ! जुन्या कपड्यांवर भांडीऽऽ!" बोहारीण अक्काबाई डोक्यावरची पाटी उतरवून ओट्यावर टेकली. पाटीत एक झाकणाचं, जाड बुडाचं स्टीलचं पातेलं चकाकत होतं. चतुराबाईंची नजर त्याच्यावरून हलेना.

त्यांनी चमकीच्या साड्यांचा ढीग पुढे केला. अक्काबाईनं दोन बोटांनी तो बाजूला सारला.

"हे नका देऊ, ताई. कोण घेईना हे. ना पुसायला, ना गोधडीला. सुती काढा."

"नव्यासारख्या आहेत हो!"

"नव्या हायेत, मग तुम्हीच नेसा की! मी कशाला अडवू?"

घासाघीस सुरू झाली. खंडेरावांचे शर्ट झाले, दीपकची पँट झाली, दोन चादरी झाल्या. अक्काबाई पातेलं देई, पुन्हा हात मागे घेई. "अजून एक सुती टाका, पातेलं तुमचं. नाय तर निघाले मी." आणि खरंच ती पाटी उचलू लागली.

घासाघिशीला माणूस चढला की त्याला जिंकायचं तेवढं दिसतं. चतुराबाईंनी कपाटाच्या तळाशी हात घातला. पाहिलंसुद्धा नाही. हाताला मऊ लागलं, ओढून काढलं आणि ढिगावर टाकलं. "हे घ्या! झालं ना समाधान?"

मी ओरडले. पण साडीचं ओरडणं कुणाला ऐकू येतं? कडुनिंबाचा वाळका पाला तेवढा फरशीवर सांडला. चतुराबाईंनी तो झाडून टाकला आणि पातेलं खिडकीतल्या उन्हात धरून पाहिलं.

मी गॅरेजात जायची होते. तेल टिपायला सुती कापडच लागतं. पण अक्काबाईचं गाठोडं बांधायचं फडकं त्याच दिवशी फाटलं. तिनं मला ताणून पाहिलं. "तू बरी हायेस," म्हणाली आणि माझ्या चार कोपऱ्यांत साऱ्या गल्लीचे कपडे बांधले. तेव्हापासून मी गाठोडं झाले. ऊन, धूळ, ओढाताण. दर वेळी गाठ सोडताना माझा एखादा धागा तुटायचा.

गाठोड्याच्या जगात मला कळलं, घरातून गेलेले कपडे कुठे जातात ते. सुती पुसायला जायचे, धड असतील ते आठवड्याच्या बाजारात. चमकीच्या साड्या मात्र फुकट दिल्या तरी कुणी ठेवून घेत नसे. अक्काबाई त्या नासर्डी नदीच्या काठावर टाकून द्यायची. तिची खोपही तिथेच, पुलाजवळ. आमची ती जांभळीसुद्धा एक दिवस कुणाच्या तरी ढिगातून तिथेच आली आणि बाभळीला अडकून राहिली. उन्हाळा गेला, पाऊस गेला. काठावरचा पाला कुजून माती झाला. जांभळी तशीच. ना विटली, ना विरली.

त्या पावसाळ्यात पुलाच्या मोरीत टाकलेल्या साड्यांचा बोळा बसला आणि पाणी वस्तीत शिरलं. चूल पाण्याखाली गेली. अक्काबाई मला डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मीच टाकली, अन् मलाच भेटायला आली मेली!" ती हसली, पण डोळे बुडालेल्या चुलीकडेच होते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्या गल्लीत गेलो. आरोळी देताच चतुराबाई धावत ओट्यावर आल्या. या वेळी हातात कपडे नव्हते.

"अक्काबाई, एखादी जुनी सुती साडी असली तर द्या हो."

अक्काबाईनं पाटी उतरवली. "ताई, गंगा उलटी वाहायला लागली का? बोहारणीकडं कपडे मागता?"

"उज्वला बाळंत झाली, मुलगी झाली," चतुराबाई म्हणाल्या. "दुकानातनं झालरीचे कपडे आणले. वैशाखाचं ऊन, पोरीच्या अंगभर पुरळ उठलंय. कुशीत घेतलं तरी रडते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरातलं जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती कापड गुंडाळा. सगळं घर धुंडाळलं. कपाट भरलंय, अन् पोरीला लागेल असा वीतभर तुकडा नाही. एक ठेवली होती मी उज्वलासाठी. कुठे गेली, देव जाणे."

अक्काबाई गाठोड्याकडे वळली. तिनं वाकून गाठ सोडली. मी ओट्यावर पसरले आणि माझा कोपरा चतुराबाईंच्या पायाशी आला. मळलेला, काळवंडलेला. पण चार पाकळ्या अजून लालच होत्या.

चतुराबाई खाली वाकल्या. बोटानं त्यांनी ते फूल चाचपलं.

"मीच दिली होती?" त्या पुटपुटल्या.

"पातेल्यावर," अक्काबाई हळूच म्हणाली. "न्या, ताई. मला गाठोड्याला दुसरं काही द्या म्हणजे झालं."

चतुराबाईंनी एक कोरी, झगमगती साडी आणून दिली. अक्काबाईनं तिच्यात कपडे बांधले, डोक्यावर घेतले आणि चार पावलांत गाठ सटकून सगळे रस्त्यावर! "बघा हिची तऱ्हा! हिला गाठसुद्धा धरवत नाय!" अक्काबाई हसली. चतुराबाईंना हसू आलं नाही. दोघींनी मिळून कपडे गोळा केले, सुतळीनं आवळले.

मला साबणात भिजवलं, पुन्हा पुन्हा धुतलं. मग उकळायला चुलीवर ठेवलं. कशात ठेवलं, ठाऊक आहे? त्याच झाकणाच्या, जाड बुडाच्या पातेल्यात. माझा मळ निघाला, कैरीचा रंगही थोडा उजळला. मला वाटलं, आता मी दुपटं होणार. उशिरा का होईना, होणार. पण पिळताना मी जागोजागी विरले. एवढं ओझं वाहून माझ्यात जीव राहिला नव्हता. कोपऱ्यातला फुलाजवळचा तुकडा तेवढा शाबूत उरला.

चतुराबाई तो हातात घेऊन बसून राहिल्या. रडून लालबुंद झालेल्या बाळाला खांद्यावर थोपटत उज्वला दारात आली. तिनं फूल ओळखलं.

"आई, टोपडं होईल गं एवढ्यात."

"टोपडं नाही, बाळा. मी तुला दुपटं कबूल केलं होतं."

उज्वला आत आली. तिनं बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि सुई-दोरा शोधायला गेली.

पुरळ पुढे औषधानं गेलं. बाळाच्या डोक्यावर मी थोडेच दिवस होते. तिच्या टाळूची धडधड मला जाणवायची. पण तिच्या पाठीला, पोटाला, जिथे तिला आग होत होती, तिथे मी पोचू शकले नाही. त्याची रुखरुख अजून जात नाही.

आता मी पुन्हा त्याच कपाटात आहे. बाळाचं डोकं मोठं झालं, मी लहान पडले. चतुराबाईंनी त्यानंतर मेन रोडवरच्या दुकानात जाऊन एकच सुती साडी आणली, चिमटीत चोळून, उजेडात धरून. ती त्या रोज नेसतात. सविताताई थट्टा करतात, "काय गं, दुसरी नाही का तुला?" चतुराबाई म्हणतात, "झिजवतेय. दीपकच्या बाळांना लागेल." रोज दोरीवर वाळताना ती जरा जरा मऊ होते आहे. पण तिला वेळ लागेल. उज्वलाची लेक तर आता धावायला लागली.

म्हणून म्हणते, मित्रांनो, सणाला हट्ट करा, नवा कपडा घ्या, कोण नको म्हणतंय? पण घेण्याआधी तो चोळून पाहा आणि मनाला विचारा, हा मी झिजेपर्यंत घालीन का? बटण तुटलं तर लावा, उसवलं तर शिवा, तुम्हाला आखूड झाला तर धाकट्याला द्या. तुमच्या कपड्यासाठी कुणाच्या तरी विहिरीचं पाणी गेलेलं असतं, आणि तुम्ही टाकलेला कपडा कुणाच्या तरी दाराशी जाऊन पडतो. आणि आज घरी गेलात की आईच्या कपाटाच्या तळाशी हात घालून बघा. एखादी मऊ घडी हाताला लागली, तर ती कुणासाठी ठेवली आहे, एवढं आईला विचारून ठेवा.